चुन्याच्या स्पंजाची बाटली

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एक बाटली आहे, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. तळाशी भिजलेल्या कागदासारखा थोडा चोथा आणि वर स्पिरिट. विभाग नव्या इमारतीत हलवताना तिथल्या तरुण सरांनी ती टाकायच्या ढिगात ठेवली होती. मी निवृत्त माणूस, जुन्या बाटल्या ओळखायला म्हणून मला बोलावलं होतं. ती ढिगात दिसली आणि मी ती उचलून बाजूला ठेवली. नोकरीतली निम्मी वर्षं मी त्या बाटलीला घाबरून काढली आहेत.

तर आधी नोकरीचं सांगतो. मी दस्तगीर. गडहिंग्लजच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून बाहेर पडलो. पोरं मला मामा म्हणायची, त्यांचं ऐकून मास्तर मंडळीही मामाच म्हणू लागली. या अंकाचे संपादक त्याच पोरांपैकी एक. प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाले होते, त्यामुळे हा लेख मी त्यांना देणं लागतो असं त्यांचं म्हणणं आहे.

गल्लीतल्या लोकांना वाटायचं, मी दिवसभर बेडूक मारतो. खरं काम निराळं होतं. मेलेल्या जनावरांना चांगलं ठेवणं हे माझं काम. साप, मासे, खेकडे, विंचू, सगळे बाटल्यांत. त्यांचं पाणी बदलायचं, कमी झालं की भर घालायची, झाकण मेणानं बंद करायचं, चिठ्ठी फाटली तर नवी लावायची. बाटलीच्या आत एक चिठ्ठी असतेच, पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये निघून जाते. कुठं सापडला, कधी, कुणी धरला. ती चिठ्ठी म्हणजे त्या जनावराचा सातबारा. चिठ्ठी गेली की बाटलीतला नाग आणि बाजारातला दोर सारखेच.

माझ्या बाटल्या बघायला दुसऱ्या कॉलेजचे लोक यायचे, हे मी फुशारकीनं सांगतो. पाणी आरशासारखं, मासा काल धरल्यासारखा. बाहेरून आलेले एक परीक्षक माझ्या सरड्याकडे बघून म्हणाले होते, "हा हलेल असं वाटतंय हो." त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो होतो. याच फुशारकीनं पुढं घात केला.

परीक्षेत टेबलावर नमुने ओळीनं मांडायचे आणि पोरांनी ते ओळखायचे. पहिला नमुना ठरलेला, अंघोळीचा स्पंज. पोरं त्याला काय काय म्हणायची! कुणी पाव लिहिला, कुणी वारुळाचा तुकडा. नेसरीचा एक पोरगा परीक्षा संपल्यावर मला म्हणाला, "मामा, ह्यो एक द्या की. म्हशी धुवायला ब्येस हाय." मी म्हटलं, हे जनावर आहे. तो हसून म्हणाला, "म्हंजे जनावरानं जनावर धुवायचं? आमची म्हस लाथ घालंल."

त्याला कशाला हसू? मीही पहिली दोन वर्षं स्पंज हे झाडच समजत होतो. मला शिकवलं मगदूम मॅडमनी. विभागात त्या माझ्यानंतर वर्षभरानं आल्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी बाटल्या पुसत असताना त्या आपल्या कामात, पण मी काही विचारलं की हातातलं सोडून सांगायच्या. शिपायाला काय सांगायचं, हा भाव कधी नाही. बारावीला गणितात अडकून राहिलेल्या माणसाला इतक्या आदरानं कुणी काही शिकवेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत, रक्त नाही. अंगभर बारीक भोकं आहेत. त्या भोकांतून तो समुद्राचं पाणी आत ओढतो, पाण्यातलं खाणं गाळून घेतो आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून सोडून देतो. जन्मभर एका जागी बसून हाच उद्योग. त्याच्या आडोशाला बारके खेकडे राहतात, किडे राहतात, कुणाकडून काही न घेता तो सगळ्यांना जागा देतो. मी म्हटलं, "मॅडम, म्हंजे धर्मशाळाच की." त्या म्हणाल्या, "धर्मशाळाच, आणि पाणी गाळून देणारी."

आता या स्पंजांच्या जाती कशा ओळखायच्या? बाहेरून उपयोग नाही. एकच स्पंज लाटेच्या जागी बसला तर चपटा होतो, शांत पाण्यात वाढला तर उंच. रंगावर तर मुळीच जाऊ नये. ओळख त्याच्या अंगातल्या काट्यांवर. हे काटे सुईपेक्षाही बारीक, सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखालीच दिसतात, आणि तोच त्याचा सांगाडा. काही स्पंजांचे काटे चुन्याचे. काहींचे काचेचे, सहा टोकांचे, ते खोल समुद्रातले. आणि सर्वांत मोठी भावकी तिसरी, तिच्यात काचेचे काटे असतील, मऊ धागे असतील किंवा दोन्ही. अंघोळीच्या स्पंजात नुसते धागे, म्हणून तो अंगाला लागत नाही. पुढं विद्वानांनी चौथाही वर्ग काढला म्हणतात. पण तोवर मी चिठ्ठ्या लिहायचं थांबवलं होतं.

मॅडमची पीएच.डी. स्पंजांवर चालली होती. गडहिंग्लजमध्ये बसून! त्यांचे गाईड दूरच्या विद्यापीठातले. समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्रावरचं संशोधन कसलं करता, असं त्यांनी मॅडमना तोंडावर विचारलं होतं. मॅडमनी ते मनाला लावून घेतलं. कॉलेज, घर, दोन मुलं आणि सुट्टी मिळेल तेव्हा कोकणचा किनारा, असं त्यांचं चाललं होतं.

दर वर्षी आमची सहल प्रासंगिक कराराच्या एसटीनं आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून खाली जायची. तारीख मॅडम कॅलेंडरवर बघून ठरवायच्या, अमावास्येला धरून. अमावास्येला ओहोटी मोठी, पाणी लांब जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. प्राचार्य म्हणायचे, अमावास्येला पोरं घेऊन कुठं जाता? मॅडम म्हणायच्या, स्पंज पंचांग बघत नाहीत, पण समुद्र बघतो.

ही बाटली भरली त्या वर्षीची ओहोटी अजून डोळ्यांसमोर आहे. मालवणच्या अलीकडचा खडकाळ किनारा, सकाळची वेळ. मॅडम पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या. एका डबक्यात मुठीएवढा नारिंगी स्पंज होता. मॅडमनी चहाच्या सामानातलं दूध मागवलं, ड्रॉपरनं दोन थेंब स्पंजाच्या कडेला सोडले आणि म्हणाल्या, बघा. थोड्या वेळानं वरच्या भोकातून पांढरा धूर निघाल्यासारखं दूध बाहेर आलं. पोरं पुढं वाकली. मग एकजण ओरडला, "म्याडम, दूध लागतंय म्हणला असतासा तर गावाकडनं क्यान आणला असता की!"

मॅडमचा एक नियम होता. खालचं बघायला दगड उलटा केला तर तो होता तसाच परत ठेवायचा. पोरांपेक्षा मलाच त्या जास्त बजावायच्या, कारण जड दगड उचलायचं काम माझं. "मामा, दगडाखाली राहणाऱ्यांचं ते छप्पर आहे. उलटं ठेवलं तर वरचे अंधारात मरतील आणि खालचे उन्हात." त्या दिवशी मी बरेच दगड उचलले. त्यातल्या एकाखाली मला पांढरी बारकी मडकी चिकटलेली दिसली, करंगळीच्या नखाएवढी. मी हाक मारली.

मॅडम वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. चुन्याचे स्पंज. आमच्याकडं ओहोटीच्या जागी ते सहजासहजी दिसत नाहीत आणि दिसले तरी नजरेतून सुटतात. त्यांनी चिमट्यानं पाच काढले, बाकीचे तिथंच ठेवले. किनाऱ्यावरच्या झाडाखाली दुर्बीण मांडून एकाचा बारीक तुकडा बघितला. तीन टोकांचे काटे आणि त्यांत चार टोकांचे काही असे, की पुस्तकातल्या कशाशी जुळेनात. त्यांनी वहीत चित्र काढलं.  "मामा, हे आपल्या किनाऱ्यावर आजपर्यंत कुणी नोंदवलेलं दिसत नाही. हा माझ्या प्रबंधाचा अख्खा एक भाग होईल. स्पिरिटमध्ये ठेवा. स्पिरिटमध्येच."

मी स्पिरिटमध्येच ठेवले. खोटं नाही सांगत. गडहिंग्लजला येईपर्यंत ते स्पिरिटमध्येच होते.

पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बाटल्या लावताना माझ्यातला कारागीर जागा झाला. स्पिरिट उडून जातं. झाकण कितीही मेणानं बंद करा, उन्हाळ्यात बाटली बोटभर खाली येते आणि वर उघडा पडलेला नमुना वाळतो. मॅडमचा इतका मोलाचा नमुना, त्याला असं कसं ठेवायचं? माझे मासे, माझे सरडे, सगळे फॉर्मालिनमध्ये ठणठणीत होते. फॉर्मालिन म्हणजे माझा हातखंडा. मी चांगली नवी बाटली घेतली, जुन्या कॅनमधलं फॉर्मालिन तिच्यात भरलं आणि पाचही स्पंज त्यात सोडले. वर मेण लावलं. मॅडमना विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं? मी त्यांचं काम सांगितल्यापेक्षा चांगलं करत होतो.

परीक्षा उरकून मे महिन्यात मॅडमना सवड मिळाली. गाईडना त्यांनी आधीच कळवलं होतं आणि गाईडनी नमुने घेऊन बोलावलं होतं. मी ओट्यापाशी परीक्षानळ्या धूत होतो. मॅडमनी मेण फोडलं, झाकण काढलं आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटलं, घाम पुसताहेत. मग चिमट्यानं एक स्पंज उचलला तर तो ओल्या चिंधीसारखा लोंबला. काच तयार केली, दुर्बिणीखाली घातली. दुसरा घेतला. तिसरा घेतला. बराच वेळ त्या दुर्बिणीतून डोळा काढीनात.

"मामा, हे स्पिरिटमध्येच ठेवलं होतं ना?"

त्या वर्षी माझ्या कायम होण्याची ऑर्डर संस्थेच्या टेबलावर होती. घरात आई, बायको, दोन लहान मुली. काय बिघडलं ते मला कळलं नव्हतं, पण बिघडलंय आणि माझ्यामुळं बिघडलंय, एवढं कळलं होतं.

"व्हय मॅडम," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.  राहिलेला चोथा त्यांनी स्वतः नव्या स्पिरिटमध्ये ठेवला, चिठ्ठी लिहिली, गुंडाळून आत टाकली. "ही बाटली मी बघत जाईन," एवढंच बोलल्या.

गाईडनी त्यांचं वहीतलं चित्र बघितलं. नुसत्या चित्रावर नाव देता येत नाही, असं ते म्हणाले, आणि शास्त्राच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. नमुना नाही तर नोंद नाही. मॅडमचा तो अख्खा भाग गेला. पुढच्या दोन सहलींत आम्ही तोच किनारा पिंजून काढला, पण तो दगड ओळखू येईना. किनाऱ्यावरच्या काचेच्या काट्यांच्या स्पंजांवर त्यांनी प्रबंध पुरा केला, पण दोन वर्षं उशिरानं. विभागात पेढे वाटले तेव्हा मला दोन दिले. मी ते खिशात घालून घरी नेले आणि मुलींना दिले. 

काय बिघडलं होतं ते मला त्या मे महिन्यानंतर, नव्या वर्षाच्या पहिल्याच तासाला कळलं. मी ट्रे घेऊन दाराशी उभा होतो. मॅडम पोरांना सांगत होत्या, "फॉर्मालिन जुनं झालं की आंबट होतं, आणि आंबट पाणी चुना खातं. चुन्याचा स्पंज त्यात ठेवला तर त्याचे काटे विरघळतात. काटे गेले की तो कोण, हे कुणालाच सांगता येत नाही." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला आठवलं, फॉर्मालिनमधल्या माझ्या शंखांची चकाकी दर वर्षी जायची आणि मी काचेला दोष द्यायचो. तास संपल्यावर त्यांनी मला फरशीवाल्याकडून संगमरवराचे बारके तुकडे आणून प्रत्येक कॅनच्या तळाशी टाकायला सांगितले, म्हणजे आंबटपणा त्यातच मरतो. निवृत्त होईपर्यंत मी ते एकदाही चुकवलं नाही.

सांगायचं खूपदा मनात आलं. ऑर्डर हातात आल्यावर तर कारणही उरलं नव्हतं. पण खोटं जुनं झालं की तोंडातून निघत नाही. मॅडमना कळलं नसेल, अशी मी समजूत घालून घेतली. लॅबमध्ये सगळ्यालाच फॉर्मालिनचा वास, त्यात एका बाटलीचा कुठं कळतो? मुलीच्या लग्नात मॅडम आल्या, माझ्या आईच्या आजारपणात ओळखीचा डॉक्टर त्यांनीच गाठून दिला. प्रत्येक उपकाराबरोबर सांगणं आणखी अवघड होत गेलं. त्या निवृत्त होऊन कोल्हापुरात मुलाकडं गेल्या. मागं मी बाटलीत स्पिरिटची भर घालायचो, पण आतल्या गुंडाळीला हात लावला नाही. त्यांनी 'मी बघत जाईन' म्हटलं होतं ना.

तर परवा ती बाटली टाकायच्या ढिगात दिसली. मी सरांना म्हटलं, "ह्यात चिठ्ठी हाय. चिठ्ठी असलेली बाटली टाकायची न्हाई." ते म्हणाले, "मग वाचा ना, मामा." झाकण काढलं, चिमट्यानं गुंडाळी काढली, काचेवर उलगडली. आमच्या विभागातल्या सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजीत. ही एकटी मराठीत होती. पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं. किनाऱ्याचं नाव, तारीख, आणि खाली: 'फॉर्मालिनमध्ये ठेवल्याने काटे विरघळले. चूक गोळा करणाऱ्याची.' त्याखाली, गोळा करणाऱ्याच्या नावाच्या जागी, मॅडमचं स्वतःचं नाव.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. सरांनी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या परवानगीनं बाटली टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली आणि कोल्हापूरची एसटी धरली. पिशवी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "पावणं, पिशवी वर ठेवा की. काय हाय त्यात?"

"स्पंज."

त्यानं वाकून बघितलं. "कुटं हाय?"

"विरघळला," मी म्हटलं. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि गाडीत मागं फिरताना माझ्याकडं जरा जपूनच बघितलं.

मॅडम आता काठी घेऊन चालतात, आवाज तोच. मी बाटली त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली आणि उभाच राहिलो. बसा म्हणाल्या तरी बसवेना.

"मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोललो. फॉर्मालिनात मीच घातलंतं."

"माहीत आहे."

"कधीपासनं?"

"झाकण काढलं तेव्हापासून. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. स्पिरिटनं डोळ्यांतून पाणी येत नाही, मामा."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमची ऑर्डर यायची होती. नमुना का गेला, असं संस्थेनं विचारलं असतं. शिवाय ठेवायचं काम तुमचं, पण का ठेवायचं हे सांगायचं काम माझं होतं. नुसतं 'स्पिरिटमध्येच' म्हणाले, फॉर्मालिननं काय होतं ते सांगितलं नाही. चिठ्ठीत खोटं काही लिहिलेलं नाही मी."

"आणि मराठीत?"

"तुम्ही वाचाल म्हणून. मला वाटलं, आठवडाभरात वाचाल." त्या हसल्या. "फार जपलीत हो बाटली."

मला रडू आलं. या वयात, परक्या घरात, सूनबाई चहा घेऊन दारात उभी असताना. माझ्या दोन मुली शिकल्या, घराला स्लॅब पडला, आज मला पेन्शन येते, ते सगळं या बाईंनी गमावलेल्या त्या एका भागावर उभं आहे. हे मी तेव्हा बोलू शकलो नाही, म्हणून इथं लिहितो आहे. मॅडम, मी तुमचा ऋणी आहे.

चहा झाला. मॅडमनी बाटली उचलून उजेडासमोर धरली, चोथा हलवून बघितला आणि एकदम जुन्या आवाजात विचारलं, "मामा, तो दगड होता तसाच परत ठेवला होतात ना?"

मी डोळे मिटून बघितलं. पाणी वाढायला लागलेलं, पोरं गाडीकडं पळालेली, आणि मी एकटा दोन्ही हातांनी तो दगड खाचेत बसवतोय, मडक्यांची बाजू खाली.

"व्हय मॅडम," मी म्हटलं. "तो ठेवलता."

"मग आहेत ते तिथं," त्या म्हणाल्या आणि बाटली माझ्या हातात दिली.